स्कूटर पणजीत, धूर कुठे?

१. सगळ्यांना पडणारा प्रश्न

विजेवरच्या गाडीचा विषय निघाला, की बोलणं एका प्रश्नाशी हमखास येऊन थांबतं. ‘गाडीला सायलेन्सर नाही, धूर नाही, हे मान्य. पण वीज कोळशावरच होते ना? मग इथला धूर तिथे गेला, एवढंच झालं की!’

या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरं मिळतात. गाडी विकणारा म्हणतो, ‘शून्य प्रदूषण’. गाडी न घेणारा म्हणतो, ‘नुसती जागा बदलली’. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. धूर खरंच जागा बदलतो, पण जाताना त्याचं प्रमाणही बदलतं. तो कुठे जातो हे आपण समजतो तितकं सरळ नसतं. शिवाय एकच गाडी दुपारी चार्ज केली तर धूर एका ठिकाणी निघतो आणि रात्री चार्ज केली तर दुसऱ्या ठिकाणी.

हे समजून घ्यायला गोव्याइतकं सोयीचं उदाहरण नाही. राज्य लहान, दुचाक्यांचं वेड मोठं, आणि स्वतःचं म्हणण्याजोगं मोठं वीजकेंद्र एकही नाही. गोव्याची जवळजवळ सगळी वीज राज्याच्या हद्दीबाहेरून येते. त्यामुळे पणजीत एखादी ई-स्कूटर चार्जिंगला लावली, की तिच्यासाठी लागणारा कोळसा गोव्यात जळत नाही एवढं पक्कं असतं. तो कुठे जळतो, हेच आपल्याला शोधायचं आहे.

२. ‘कुठे’च्या आधी ‘किती’

पेट्रोलपासून सुरुवात करू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरचं वजन पाऊण किलो आणि वायू सव्वादोन किलोच्या वर, हे वाचून गोंधळायला नको. पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला प्राणवायू येऊन चिकटतो आणि वाढीव वजन त्याचं असतं.

स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर धावते असं धरू. २.३ किलोला ४५ ने भागलं, की किलोमीटरमागे ५१ ग्रॅम येतात. खनिज तेल काढणं, वाहून आणणं, शुद्ध करणं हे जमेस धरलं तर आकडा आणखी वाढतो, पण आपण ५१ वरच थांबू.

आता ई-स्कूटर. शंभर किलोमीटरला तिच्या बॅटरीतून साधारण ३ युनिट खर्च होतात. भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीपर्यंत थोडी वीज वाया जाते, वीजकेंद्रापासून प्लगपर्यंत तारांमध्ये आणखी जाते. म्हणून वीजकेंद्राला ४ युनिट तयार करावे लागतात असं धरू.

एका युनिटमागे किती कार्बन? केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा काढतं. कोळसा, पाणी, अणू, वारा, ऊन अशी सगळी वीज एकत्र धरून देशाची सरासरी २०२३-२४ साली युनिटमागे ०.७२७ किलो होती. नुसत्या कोळशाच्या विजेचा आकडा साधारण एक किलो. सोयीसाठी सरासरीला ०.७ आणि कोळशाला १ धरू.

सरासरी विजेवर ई-स्कूटरचे शंभर किलोमीटर म्हणजे ४ गुणिले ०.७, अर्थात २.८ किलो. किलोमीटरमागे २८ ग्रॅम. सगळी वीज कोळशाचीच धरली तरी ४० ग्रॅम. पेट्रोलच्या ५१ ग्रॅमपेक्षा दोन्ही कमी. म्हणजे ‘नुसती जागा बदलली’ हे स्कूटरच्या बाबतीत चूक आहे. धूर दुसरीकडे गेला आणि जाताना आटला. स्कूटरचं पेट्रोल इंजीन इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून देतं. विजेची मोटर मिळालेली बहुतेक ऊर्जा चाकाला देते. कोळशाचं वीजकेंद्र स्वतः अर्ध्याहून जास्त उष्णता गमावतं, तरीही एकंदर हिशेब विजेच्या बाजूने झुकतो.

कारचा हिशेब मात्र इतका निर्धास्त नाही. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोल कार किलोमीटरमागे सुमारे १५३ ग्रॅम सोडते. त्याच बेताची विजेवरची कार शंभर किलोमीटरला १५ युनिट घेते, म्हणजे केंद्रात १९ युनिट तयार करावे लागतात. सरासरी विजेवर हे १३३ ग्रॅम होतात. निव्वळ कोळशाच्या विजेवर १९० ग्रॅम. पहिला आकडा पेट्रोलच्या खाली आहे आणि दुसरा वर. तेल काढण्या-शुद्ध करण्याचा खर्च पेट्रोलच्या माथी टाकला तरी कोळशावरची कार जेमतेम बरोबरीला येते. बॅटरी बनवताना होणारं उत्सर्जन यात धरलेलं नाही.

तेव्हा कारच्या बाबतीत सगळं एका गोष्टीवर येऊन ठेपतं: सरासरीचा आकडा घ्यायचा, की कोळशाचा? हा प्रश्न पुढच्या सगळ्या विवेचनाचा कणा आहे. त्याचं उत्तर गाडीत सापडत नाही, ते तारांच्या जाळ्यात आहे.

३. गोव्यात वीज येते कुठून

म्हापशाजवळ कोलवाळला ४०० केव्हीचं उपकेंद्र आहे. तिथे कोल्हापूरकडून उच्चदाबाची वाहिनी येते. दक्षिणेला कर्नाटकाच्या बाजूनेही वाहिन्या येतात. गोव्याच्या घराघरांतला उजेड प्रामुख्याने या वाटांनी घाट उतरतो.

कागदावर ही वीज वेगवेगळ्या केंद्रांची असते. केंद्र सरकारच्या मालकीच्या वीजकेंद्रांत प्रत्येक राज्याचा हिस्सा ठरवून दिलेला असतो. गोव्याचा हिस्सा छत्तीसगडमधल्या कोरबा आणि सिपतमध्ये आहे, मध्य प्रदेशातल्या विंध्याचल केंद्रात आहे, तेलंगणातल्या रामगुंडममध्ये आहे. तारापूर आणि काकरापारच्या अणुवीज केंद्रांतूनही थोडी वीज येते. यांतली कोळशाची केंद्रं अवाढव्य आहेत. कोरब्याचं केंद्र २,६०० मेगावॅटचं, विंध्याचलचं ४,७६० मेगावॅटचं. अख्ख्या गोव्याची मागणी हजार मेगावॅटच्याही आत राहते.

कोरबा पणजीपासून हजार किलोमीटरहून जास्त दूर आहे. तिथे जमिनीतून कोळसा निघतो, जवळच जळतो, आणि गोव्यात पंखे फिरतात. कोळसा वाहून नेण्यापेक्षा वीज वाहून नेणं स्वस्त पडतं, म्हणून आपल्या देशात खाणींच्या तोंडाशी वीजकेंद्रं बांधली गेली. मुंबईसाठी चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत ७५० किलोमीटरची डीसी वाहिनी टाकली, त्यामागेही हाच हिशेब होता.

या वाटांचीही किंमत असते. छत्तीसगडमधल्या तमनारचं नाव लावून आलेल्या प्रकल्पातली ४०० केव्ही वाहिनी मोलेच्या जंगलातून न्यायची ठरली, तेव्हा २०२० पासून गोव्यात ‘आमचें मोलें’ या नावाने चळवळ उभी राहिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कुणी विजेवरची गाडी ‘हिरवी’ आहे असं म्हणतं, तेव्हा मला त्या जंगलातल्या झाडांची आठवण होते. गाडी वाईट ठरवायची म्हणून नव्हे. तिच्यामागे किती लांबची व्यवस्था उभी आहे, हे लक्षात राहावं म्हणून.

मग स्कूटरचा धूर कोरब्यात निघतो, असं म्हणून मोकळं व्हायचं का? अजून नाही. हिस्सा कोरब्याचा आहे, हे कागदाचं सत्य आहे. तारांचं सत्य निराळं असतं.

४. एका तारेत गुंफलेला देश

पूर्वी भारतात विजेची पाच वेगळी जाळी होती: उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व आणि ईशान्य. ती टप्प्याटप्प्याने जोडली गेली. शेवटचं टोक जुळलं ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी, सोलापूर आणि रायचूरमधल्या ७६५ केव्ही वाहिनीने. त्या दिवशी दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी एकतालात आलं.

एकतालात म्हणजे काय? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. जाळ्याला जोडलेलं प्रत्येक मोठं जनित्र याच ठेक्यावर फिरत असतं, मग ते काश्मीरमधलं असो की तामिळनाडूतलं. मागणी वाढली आणि कुणी जास्त वीज दिली नाही, तर हा ठेका सगळीकडे एकाच वेळी मंदावतो. तो ४९.९० आणि ५०.०५ यांच्या दरम्यान ठेवायचा दंडक आहे. तोल गेला की काय होतं, हे ३० आणि ३१ जुलै २०१२ ला दिसलं. तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत मिळून साठ कोटींहून अधिक लोकांच्या प्रदेशातली वीज गेली होती.

आता पणजीत कुणीतरी स्कूटर प्लगला लावली. एका स्कूटरचा फरक इतका बारीक, की कुणाला दिसणारही नाही. पण संध्याकाळी कामावरून परतलेल्या हजारो लोकांनी गाड्या लावल्या, तर तो मोजता येतो. जाळ्यावरची जनित्रं अगदी किंचित जड फिरू लागतात. वेग घटल्याचं ओळखणारं यंत्र एखाद्या औष्णिक केंद्रात वाफेची झडप थोडी जास्त उघडतं. जास्त वाफ टर्बाइनकडे गेली, की बॉयलरमधला दाब उतरू लागतो. तो भरून काढायला कोळशाचा पट्टा वेग घेतो. चक्कीत कोळसा पिठासारखा बारीक दळला जातो आणि गरम हवेच्या झोतावर भट्टीत फेकला जातो. काही मिनिटांत चिमणीतून निघणारा वायू वाढतो. गोव्यातल्या एका खटक्याचा परिणाम असा प्रवास करून जमिनीवर उतरतो.

तारेत शिरलेल्या विजेवर नाव-गाव नसतं. कोरब्याची वीज वेगळी काढून गोव्याकडे वळवणं शक्यच नाही. म्हणून ‘माझ्या गाडीत कोणत्या केंद्राची वीज आली?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. विचारायला हवं ते हे: ‘मी गाडी लावल्यामुळे कोणत्या केंद्राने जास्त इंधन जाळलं?’

५. पंगतीत वाढलेले पाहुणे

लग्नघरी पंगत बसली आहे. श्रीखंड मोजून आणलेलं, भाजी ठरल्याप्रमाणे केलेली. ऐन वेळी दहा पाहुणे जास्त आले. यजमान काय करतात? श्रीखंड वाढवता येत नाही, जेवढं आहे तेवढंच सगळ्यांत पुरवलं जातं. भाताचं आधण मात्र पुन्हा चढतं. त्या दहा पाहुण्यांच्या पानातही श्रीखंड वाढलं जाईल, पण त्यांच्या येण्याने घरातलं जे खर्ची पडलं, ते तांदूळ.

विजेचं नेमकं असंच आहे. ऊन आणि वारा जेवढा मिळेल तेवढी वीज आधीच वापरली जाते. अणुवीज केंद्रं ठरल्या क्षमतेवर अखंड चालतात. मागणी अचानक वाढली म्हणून सूर्य जास्त तापत नाही. ज्यांना उत्पादन वरखाली करता येतं, अशीच केंद्रं वाढीव मागणी उचलतात: धरणांची जलविद्युत, थोडी वायूवरची, आणि आपल्या देशात बहुतांशी कोळशाची.

सरासरीचा ०.७ हा आकडा सगळ्या पंगतीचा आहे. वाढीव पाहुण्याचा आकडा त्याहून वेगळा, आणि रात्रीच्या वेळी बहुधा एकाच्या जवळचा असतो. मघाच्या कारच्या हिशेबात १३३ आणि १९० यांच्यात निवड करायची होती ती याचसाठी. एका नव्या गाडीने काय फरक पडला हे पाहायचं असेल, तर वाढीव आकडाच घ्यावा लागतो.

आता कोरब्याकडे परत येऊ. वीज पाठवताना स्वस्त केंद्र आधी आणि महाग केंद्र शेवटी, असा क्रम लावला जातो. खाणीच्या तोंडाशी असलेल्या कोरबा-सिपतसारख्या केंद्रांचा इंधनखर्च देशात सर्वांत कमी गटातला. म्हणून देखभाल-बिघाडाचे दिवस सोडले तर ती बहुतेक वेळ पूर्ण भाराने चालतच असतात. पणजीत स्कूटर लागली म्हणून कोरब्याला जास्त देण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं.

भार वाढवते ती रांगेतली मागची केंद्रं, जिथे कोळसा रेल्वेने लांबून आणावा लागतो आणि युनिट महाग पडतं. सोलापूरजवळचं १,३२० मेगावॅटचं केंद्र या प्रकारचं आहे. खाण जवळ नाही, वीज महाग, म्हणून मागणी कमी असली की त्याचा भार आधी उतरवतात आणि मागणी चढली की वाढवतात. म्हणजे करार कोरब्याशी, वाहिनी कोल्हापूरची, आणि वाढीव कोळसा कदाचित सोलापुरात किंवा आणखी दुसऱ्याच राज्यातल्या केंद्रात जळलेला. वीज अशी राज्याराज्यांत खरेदी-विक्री होऊन फिरते, तेव्हा धूर करारपत्रावरच्या पत्त्यावर निघेलच असं नाही.

६. सगळं घड्याळावर

देशाच्या वीजबाजारात दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडलेले आहेत. प्रत्येक तुकड्याला वेगळा भाव निघतो. २००८ पासून हे बाजार चालू आहेत आणि आता त्यातले आकडे वाचले, की धुराचीही दिशा कळते.

दुपारी भाव कोसळतो. राजस्थान, गुजरात, कर्नाटक इथल्या सौर प्रकल्पांतून वीज ओसंडत असते. जोधपूरच्या पुढे वाळवंटात भडला इथे एकाच जागी २,२०० मेगावॅटहून मोठं सौर उद्यान आहे. मे २०२५ मध्ये तर काही वेळा तत्काळ बाजारातला भाव शून्याच्या जवळ आला. कोळशाची केंद्रं त्या वेळी आपला भार उतरवत उतरवत साधारण निम्म्यावर आणतात. त्याखाली भट्टी स्थिर जळत नाही, म्हणून त्याहून खाली येता येत नाही. तरीही वीज जास्त होते, किंवा वाहिन्यांत जागा उरत नाही, आणि मग सौर प्रकल्पांनाच ‘कमी करा’ असा निरोप जातो. राजस्थानात हे वारंवार घडू लागलं आहे.

अशा दुपारी एखादी गाडी चार्जिंगला लागली, तर फेकून दिली जाणारी वीज वापरात येते. त्या युनिटमागचा वाढीव कार्बन जवळजवळ शून्य असू शकतो. पंगतीच्या भाषेत, त्या दिवशी श्रीखंडच उरलेलं असतं. मात्र ती वीज राजस्थानातून गोव्यापर्यंत पोचायला वाहिनीत जागा हवी. वाहिनी भरलेली असेल, तर राजस्थानात ऊन वाया जातं आणि त्याच मिनिटाला पश्चिम जाळ्यात कोळसा जळतो.

सूर्य मावळला की चित्र उलटतं. सात ते अकराच्या सुमारास मागणी शिखरावर असते, सौर वीज संपलेली असते आणि बाजारभाव अनेकदा युनिटला दहा रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. नेमक्या याच वेळेला माणूस घरी येतो, गाडी लावतो, प्लग जोडतो.

मघाची कार पुन्हा घेऊ. शंभर किलोमीटरचे १९ युनिट रात्री आठला घेतले तर सुमारे १९ किलो कार्बन. ऊन वाया जात असलेल्या दुपारी घेतले तर अगदी थोडा. एरवीच्या दिवशी दुपारचा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी पडतो, कारण कोळशाचा भार उतरवण्याऐवजी थोडा वर ठेवला जातो. गाडी तीच, मालक तोच, रस्ता तोच.

सरकारने हे ओळखलं आहे. जून २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार दिवसातल्या सौर तासांत विजेचा दर नेहमीपेक्षा किमान २० टक्क्यांनी कमी आणि शिखराच्या तासांत जास्त ठेवायचा आहे. शेती सोडून इतर ग्राहकांना स्मार्ट मीटर लागला की हे लागू होतं. माझ्या मते विजेवरच्या गाड्यांसाठी आजवर घेतलेल्या निर्णयांत हा सर्वांत मोलाचा आहे, खरेदीवरच्या अनुदानाहूनही.

७. नॉर्वेचं कोडं

इथे एक शंका येते. समजा एखाद्या प्रदेशात कोळसा मुळीच नाही, तर तिथली गाडी नक्कीच स्वच्छ ना?

नॉर्वेत जवळजवळ सगळी वीज पाण्यावर आणि थोडी वाऱ्यावर होते. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी ८९ टक्के निव्वळ बॅटरीवरच्या होत्या. जगात याहून स्वच्छ जोडी सापडणं अवघड. पण नॉर्वे एकटा नाही. समुद्रतळावरून २००८ पासून नेदरलँड्सपर्यंत, २०२१ मध्ये जर्मनीपर्यंत आणि त्याच वर्षी ब्रिटनपर्यंत केबल जोडल्या गेल्या. शेवटच्या दोन्हींची क्षमता १,४०० मेगावॅट आहे. नॉर्वेच्या धरणांतली वीज या वाटांनी विकली जाते.

आता ऑस्लोमधल्या गाड्यांनी १०० युनिट जास्त घेतले. धरणातलं पाणी तेवढंच आहे. निर्यात होणारे १०० युनिट कमी झाले. जर्मनीत ती तूट त्या वेळी एखाद्या कोळशाच्या किंवा वायूच्या केंद्राने भरून काढली. धूर जर्मनीत निघाला, आणि निमित्त झाली नॉर्वेतली गाडी. दोन्ही देशांच्या स्वतंत्र वह्या उघडल्या, तर नॉर्वेच्या वहीत घट दिसेल आणि जर्मनीच्या वहीत वाढ. दोघंही आपापल्या जागी खरे.

यावरून नॉर्वेच्या गाड्या निरर्थक ठरत नाहीत. वायूचं केंद्र चाललं असेल, तर पेट्रोलची बचत वाढीव धुराहून मोठीच राहते, कारण वायूच्या विजेचं उत्सर्जन कोळशाच्या निम्म्याच्या आसपास असतं. शिवाय युरोपात २००५ पासून वीजकेंद्रांच्या एकूण उत्सर्जनावर सामाईक मर्यादा आहे. जर्मनीतलं केंद्र जास्त जळलं, तर त्याला परवाने विकत घ्यावे लागतात आणि ढोबळ मानाने तेवढी कपात दुसऱ्या कुणाला करावी लागते. मोटारीचं पेट्रोल मात्र या मर्यादेबाहेर होतं. म्हणजे गाडी विजेवर गेली, की तिचं उत्सर्जन मर्यादा नसलेल्या खात्यातून मर्यादा असलेल्या खात्यात येतं. गाडीपेक्षा हा नियम जास्त काम करतो. आपल्याकडे वीजकेंद्रांच्या एकूण उत्सर्जनावर अशी मर्यादा नाही.

८. वही कुणाची?

शहरं आणि राज्यं आता आपापले कार्बनचे हिशेब मांडतात. हद्दीत जळलेलं इंधन हा एक रकाना. बाहेरून आणलेल्या विजेसाठी दुसरीकडे जळलेलं इंधन हा दुसरा. पेट्रोल स्कूटर पहिल्या रकान्यात असते, ई-स्कूटर दुसऱ्यात जाते. फक्त पहिला रकाना दाखवला, तर गोव्याची कामगिरी डोळे दिपवणारी वाटेल आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश उगीच गुन्हेगार ठरतील.

मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा काढला, त्यात दुसरा रकाना प्रामाणिकपणे धरलेला आहे. शहराच्या उत्सर्जनात सर्वांत मोठा वाटा वाहतुकीचा नाही, इमारतींत वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा आणि त्यातही विजेचा आहे, हे त्यामुळेच दिसू शकलं.

कॅलिफोर्नियाने याहून पुढचं पाऊल टाकलं. लॉस एंजेलिसला वर्षानुवर्षं युटा राज्यातल्या डेल्टा गावाजवळच्या कोळसा केंद्रातून वीज येत होती. २०१३ पासून कॅलिफोर्नियाने बाहेरून येणाऱ्या विजेच्या कार्बनचाही हिशेब आणि किंमत आपल्याच व्यवस्थेत धरली. लगेच एक पळवाट दिसली: कोळशाच्या केंद्राशी करार मोडायचा, दुसऱ्या राज्यातल्या जुन्या धरणाशी करायचा. धरणाची वीज कॅलिफोर्नियाच्या नावावर लागते, कोळशाची वीज तिसऱ्याच राज्याच्या, आणि एकही चिमणी थंड होत नाही. म्हणून अशा कागदी अदलाबदलीला मनाई करणारा नियमही करावा लागला.

गोव्याने उद्या कोरब्यातला हिस्सा सोडून दिला, तरी असंच होईल. ती स्वस्त वीज घ्यायला दुसरं राज्य तयारच असेल. करार बदलल्याने धूर घटत नाही. तो घटतो नवी सौर-पवन वीज उभी राहिल्याने, ती साठवल्याने, आणि त्यामुळे एखाद्या भट्टीला कमी कोळसा लागल्याने.

९. चिमणीखालचे लोक

आतापर्यंत आपण कार्बन डायऑक्साइडबद्दल बोललो. तो कुठेही निघाला तरी पृथ्वीला सारखाच तापवतो. जागेला तिथे महत्त्व आहे ते हिशेबापुरतं. राख, गंधकाचा वायू आणि धूळ यांचं तसं नाही. ती जिथे निघते, तिथल्याच माणसांच्या छातीत जाते.

शंभर किलोमीटर ई-स्कूटर चालवायला केंद्रात ४ युनिट लागतात, हे आपण पाहिलं. ते कोळशाचे असतील, तर आपल्याकडचा पावणेतीन किलोच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख भरपूर, तिसऱ्या हिश्श्याइतकी किंवा जास्तही. म्हणजे शंभर किलोमीटरमागे जवळजवळ एक किलो राख. ती गोव्यात दिसत नाही. ती राखेच्या तळ्यात साचते, आणि उन्हाळ्याच्या वाऱ्याने आजूबाजूच्या घरांवर, शेतांवर बसते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर आणि कोरबा दोन्ही पहिल्या पाचांत होते. वीजकेंद्रांच्या धुरातला गंधक काढून टाकण्याचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये आले. मुदती पुन्हा पुन्हा वाढल्या, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुसंख्य केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली.

पेट्रोलचा धूर पणजीच्या अठरा जून रस्त्यावरून नाहीसा होणं ही चांगलीच गोष्ट आहे. गर्दीच्या रस्त्यावर नाकासमोर निघणारा धूर उंच चिमणीतल्या धुरापेक्षा जास्त लोकांच्या फुप्फुसांत जातो, हेही खरं. पण त्या स्वच्छतेचा काही भार चंद्रपूर, कोरबा आणि विंध्याचल केंद्राजवळच्या सिंगरौलीची माणसं उचलतात. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे विजेवरची गाडी नाही. किनाऱ्यावरच्या राज्याने वाहनधोरण आखताना ही माणसं हिशेबात धरलीच पाहिजेत, असं मला ठामपणे वाटतं. धरायची म्हणजे निदान तीन गोष्टी करायच्या. धोरणाच्या अहवालात बाहेरून आणलेल्या विजेचा कार्बन आणि राख यांचे आकडे छापायचे. वाढत्या गाड्यांना लागेल तेवढी नवी सौर वीज आणि साठवणूक उभी करायचा करार त्याच धोरणात करायचा. आणि चार्जिंगची सोय घराबरोबरच कचेऱ्या, कारखाने, बाजार आणि बसतळांवर करायची, म्हणजे गाड्या दुपारी वीज घेतील.

तुम्ही स्कूटर घेणार असाल, तर निर्धास्त घ्या. वीज कोळशाची असली तरी ती पेट्रोलला मागे टाकते. कार घेणार असाल, तर घेण्याआधी कामाच्या ठिकाणी पार्किंगमध्ये प्लग मागून घ्या आणि सकाळी दहा ते दुपारी चारच्या दरम्यान ती लावा. रात्री लावावीच लागली, तर टायमर लावून संध्याकाळचे सात ते अकरा हे तास टाळा.